सहा प्रयोगशाळांचा एकत्र संशोधनगट: पहिलं पाऊल कोणतं टाकावं?

रक्तअगार (प्रश्न)

रक्तातल्या संसर्गात सापडणारे क्लेब्सिएला न्यूमोनिए आणि ई. कोलाय हे जिवाणू, आणि त्यांच्यातला कार्बापेनेम-प्रतिरोध (कार्बापेनेम म्हणजे गंभीर संसर्गासाठीची राखीव प्रतिजैविकं), या विषयावर सहा प्रयोगशाळा एकत्र काम करू पाहत आहेत. चार रुग्णालयांच्या, एक विद्यापीठातली, एक पशुवैद्यकीय. जिवाणू औषधाला दाद देतो का हे बघायला दोन ठिकाणी डिस्क वापरतात (औषधाची चकती प्लेटवर ठेवून तिच्याभोवतीचं वाढ नसलेलं वर्तुळ, म्हणजे झोन, मोजतात), तीन ठिकाणी स्वयंचलित यंत्र आहे, आणि विद्यापीठात ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषधाच्या दुप्पट होत जाणाऱ्या मात्रांची चाचणी) होतं. काहीजण सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या तक्त्यांवरून निकाल देतात, काहीजण युकास्ट या युरोपीय समितीच्या.

मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. पद्धती इतक्या वेगळ्या असताना आकडे एकत्र करता येतात का? आयसोलेट (नमुन्यातून वेगळे काढलेले शुद्ध जिवाणू) एका ठिकाणी साठवावेत की ज्याचे त्याच्याकडे राहू द्यावेत? रुग्णाची माहिती किती घ्यावी? आणि शोधनिबंधावर नावं कुणाची, हे कधी ठरवावं? विश्वास आणि संवाद हवा हे मान्यच आहे. पण सोमवारी सकाळी टेबलावर नेमकं काय करायचं, ते कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

चार_मिलिमीटर

सोमवारी सकाळी चाचणीफेरीची तयारी सुरू करा. एका प्रयोगशाळेने दहा आयसोलेट निवडावेत, त्यांच्यावर फक्त क्रमांक घालावेत आणि सहाही जणांना पाठवावेत. निवड विचारपूर्वक करा. एक पूर्ण संवेदनशील प्रमाणित स्ट्रेन म्हणून ई. कोलाय एटीसीसी २५९२२ घ्या. केपीसी, एनडीएम आणि ओएक्सए-४८ या कार्बापेनेमेझांचा (कार्बापेनेम तोडणारी एन्झाइमं) प्रत्येकी किमान एक हवा, आणि त्यातला ओएक्सए-४८ मुद्दाम कमी एमआयसीचा (एमआयसी म्हणजे वाढ थांबवणारी औषधाची सर्वांत कमी मात्रा, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) निवडा. कार्बापेनेमेझ नसलेला, पण ईएसबीएल (सेफॅलोस्पोरिन तोडणारं एन्झाइम) आणि पोरिन-दोष (औषध आत शिरण्याच्या छिद्रांतला दोष) यांमुळे कार्बापेनेमला दाद न देणारा एक ठेवा. आणि एकच आयसोलेट दोन वेगळ्या क्रमांकांनी टाका. त्या दोन क्रमांकांचे निकाल एकाच प्रयोगशाळेत जुळले नाहीत, तर इतरांशी तुलना करण्याआधी तिथलं घर सावरावं लागेल.

प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या पद्धतीने, तीन वेगवेगळ्या दिवशी, दरवेळी नव्या सस्पेन्शनपासून चाचणी करायची. विद्यापीठातलं ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन हा संदर्भ धरा. एमआयसी संदर्भापासून एका दुप्पट पायरीच्या आत असेल तर जुळलं असं मानतात. प्रतिरोधी जिवाणू संवेदनशील म्हणून सांगितला गेला तर ती सर्वांत गंभीर चूक. दहा आयसोलेटवरून टक्केवारी मात्र काढू नका. दहापैकी शून्य चुका आल्या तरी खरं प्रमाण २६ टक्क्यांच्या आसपास असणं शक्य असतं. या फेरीत चूक कोणत्या दिशेला जाते ते बघायचं.

दिशा पुष्कळ सांगते. एखाद्या ठिकाणचे झोन सगळ्याच औषधांना, सगळ्याच स्ट्रेनवर तीनेक मिलिमीटर मोठे येत असतील तर दोष अगारच्या जाडीत किंवा इनॉक्युलममध्ये (प्लेटवर पसरायच्या जिवाणूंच्या दाटपणात) शोधा. म्युलर-हिंटन अगार (चाचणीच्या प्लेटमधलं माध्यम) ४ मिलिमीटर जाड हवं, अर्ध्या मिलिमीटरचीच सूट. ९० मिलिमीटरच्या गोल प्लेटला साधारण २५ मिली लागतं. प्लेट पातळ झाली की झोन फुगतो आणि प्रतिरोधी जिवाणू संवेदनशील दिसू लागतो. ओतताना टेबल समपातळीत नसेल तर एकाच प्लेटमध्ये दोन जाड्या मिळतात. इनॉक्युलम ०.५ मॅकफारलंडचं (गढूळपणाचं माप), आणि तेही डोळ्यांनी न ठरवता डेन्सिटोमीटरवर. ते दाट झालं की झोन आक्रसतात.

फक्त कार्बापेनेमचेच झोन लहान येत असतील तर डिस्क तपासा. इमिपेनेम ओलाव्याने लवकर खराब होतं. फ्रीजमधून काढलेली नळी खोलीच्या तापमानाला येण्याआधी उघडली की डिस्कवर दव धरतं, आणि औषधाची ताकद आठवड्यागणिक उतरत जाते. फक्त को-ट्रायमोक्साझोलच्या झोनमध्ये धूसर वाढ दिसत असेल तर माध्यमात थायमिडीन जास्त असण्याची शक्यता आहे. स्यूडोमोनासवर अमिनोग्लायकोसाइडचे झोन तेवढे लहान असतील तर कॅल्शियम-मॅग्नेशियम बघा.

वेळेचा नियमही सगळ्यांनी एकच पाळा: सस्पेन्शन केल्यापासून १५ मिनिटांत प्लेटवर पसरणं, त्यापुढच्या १५ मिनिटांत डिस्क, त्यापुढच्या १५ मिनिटांत इनक्युबेटर. दुपारच्या गर्दीत तीस प्लेटा एकदम लावल्या जातात तेव्हा हाच नियम पहिल्यांदा मोडतो. डिस्क लागलेल्या प्लेटा बाहेर थांबल्या की जिवाणू वाढायच्या आधीच औषध पसरून जातं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. आकडे एकत्र करता येतात, पण एस-आय-आर (संवेदनशील, मधला, प्रतिरोधी) ही अक्षरं एकत्र करता येत नाहीत. मेरोपेनेम या कार्बापेनेमचंच बघा. सीएलएसआयप्रमाणे एन्टेरोबॅक्टेरेल्सला (क्लेब्सिएला आणि ई. कोलाय ज्यात येतात तो गण) एमआयसी १ किंवा कमी संवेदनशील, २ मधला, ४ आणि वर प्रतिरोधी. युकास्टप्रमाणे मेंदूज्वर सोडून इतर संसर्गांत २ पर्यंत संवेदनशील आणि ८ च्या वर प्रतिरोधी. म्हणजे एमआयसी ४ असलेला तोच जिवाणू एका रुग्णालयात प्रतिरोधी मोजला जाईल आणि दुसऱ्यात मोजला जाणार नाही. शिवाय २०१९ पासून युकास्टच्या 'आय'चा अर्थ 'वाढीव मात्रेत संवेदनशील' असा आहे. त्यामुळे त्याला 'मधला' समजून आर बरोबर जोडणंही चूक ठरतं.

म्हणून नोंदवहीत झोन मिलिमीटरमध्ये आणि एमआयसी आकड्यात ठेवा. शेजारी मानकाचं नाव, त्याचं वर्ष आणि डिस्कमधली मात्रा लिहा. मात्रा विसरू नका: सेफ्टाझिडाइमची डिस्क युकास्टमध्ये १० मायक्रोग्रॅमची असते, सीएलएसआयमध्ये ३० ची. सेफोटॅक्झिम ५ आणि ३०. मात्रा माहीत नसेल तर तो झोन पुढे कशालाच लागू करता येत नाही. अर्थ लावणं विश्लेषणाच्या वेळी, सगळ्यांसाठी एकाच तक्त्यावरून करा.

कोलिस्टिनसाठी (कार्बापेनेम चालत नाही तेव्हाचं राखीव औषध) डिस्क किंवा स्ट्रिप कुणीही वापरू नये. हा मोठा रेणू अगारमध्ये नीट पसरत नाही. सगळे आयसोलेट विद्यापीठात पाठवून साध्या पॉलिस्टायरीनच्या प्लेटमध्ये, सल्फेट क्षार वापरून, पॉलिसॉर्बेट न घालता ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन करा.

वॉर्डराउंड

वरचं सगळं हवंच, पण एक मुद्दा त्याच्याही आधी येतो. तुमचा प्रश्न नेमका काय आहे? 'कार्बापेनेम-प्रतिरोधाचा अभ्यास' हा विषय झाला. 'रुग्णालयात दाखल होऊन ४८ तासांनंतर घेतलेल्या रक्तनमुन्यांत सापडलेल्या क्लेब्सिएलात कार्बापेनेमेझचं प्रमाण किती, आणि कोणती जनुकं' हा प्रश्न झाला. प्रश्न एका वाक्यात लिहिता येईपर्यंत एकही रकाना आखू नका. नाहीतर ऐंशी रकान्यांचा फॉर्म तयार होतो आणि भरलेले सापडतात बारा.

दुसरं, छेदाचा, म्हणजे टक्केवारी कशातून काढतो त्याचा, विचार करा. एका रुग्णालयात ताप आला की लगेच ब्लड कल्चर जातं. दुसऱ्यात दोन औषधं बदलून झाल्यावर, रुग्ण बिघडला की जातं. दुसऱ्या ठिकाणी प्रतिरोधाचं प्रमाण जास्त दिसणारच, कारण सोपे संसर्ग कल्चर होण्याआधीच बरे झालेले असतात. हा फरक जिवाणूंचा नाही, नमुने घेण्याच्या सवयीचा आहे. म्हणून प्रत्येक रुग्णालयाकडून दरमहा तीन आकडे घ्या: एकूण किती ब्लड कल्चर संच गेले, दाखल रुग्णांचे एकूण दिवस किती, आणि त्वचेवरच्या जिवाणूंनी दूषित झालेले संच किती. पहिल्या दोनांवरून दर हजार रुग्ण-दिवसांमागे कल्चरचं प्रमाण काढा आणि ते प्रतिरोधाच्या आकड्याशेजारीच छापा. दूषित संच ३ टक्क्यांच्या वर जात असतील तर आधी रक्त काढण्याची पद्धत सुधारायला हवी.

रक्ताचं प्रमाणही सगळीकडे सारखं हवं. प्रौढांच्या रक्तात बऱ्याचदा मिलिलिटरमागे एखादाच जिवंत जिवाणू असतो. बाटलीत ८ ते १० मिली, आणि दोन वेगळ्या जागांहून दोन संच, म्हणजे साधारण ४० मिली, हे गाठलं नाही तर निकाल 'निगेटिव्ह' येतो आणि तो रुग्ण अभ्यासातून गळतो. प्रत्यक्षात किती रक्त गेलं हे तपासणं सोपं आहे. कोऱ्या बाटल्यांचं वजन आधी करून ठेवा, भरलेल्या परत तोला. १ मिली रक्ताचं वजन सुमारे १.०६ ग्रॅम असतं. महिन्यातून आठवडाभर हे केलं तरी कोणत्या वॉर्डात कमतरता आहे ते कळतं.

एका रुग्णाचे सहा कल्चर पॉझिटिव्ह आले तर ते सहा आयसोलेट नाहीत. ठरवलेल्या कालावधीत एका रुग्णाचा, एका प्रजातीचा पहिलाच मोजा. प्रतिरोधी संसर्ग असलेल्या रुग्णाची कल्चर जास्त वेळा होतात, म्हणून हा नियम नसला की टक्केवारी आपोआप फुगते. आणि एखाद्या गटात तीसपेक्षा कमी आयसोलेट असतील तर त्याची टक्केवारी वेगळी जाहीर करू नका.

रुग्णाची माहिती मोजकीच घ्या: वयोगट, लिंग, दाखल झाल्याची आणि नमुन्याची तारीख, वॉर्डचा प्रकार, आधीच्या ३० दिवसांतली प्रतिजैविकं, संसर्गाचा मूळ स्रोत, आणि ३० दिवसांनी रुग्ण जिवंत आहे का. नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता रुग्णालयाबाहेर जाऊ नये. क्रमांक आणि संकेत यांची जोडयादी त्या-त्या रुग्णालयातच कुलपात राहावी. दुर्मिळ संसर्ग, नेमकं वय आणि लहान गाव हे तीन रकाने एकत्र आले की नाव नसतानाही माणूस ओळखू येतो. म्हणून बाहेर देताना वय पाच-दहा वर्षांच्या गटात आणि तारीख महिन्यापर्यंतच द्या. नीतीसमितीची परवानगी प्रत्येक संस्थेची वेगळी लागेल. सहा अर्जांचा मसुदा मात्र एकच ठेवा, म्हणजे पुढे बदल करताना सहा वेगवेगळे अभ्यास होऊन बसणार नाहीत.

रक्तअगार

दोघांचेही मनापासून आभार. एक अडचण आहे. यंत्र वापरणाऱ्या तिन्ही ठिकाणी मेरोपेनेमचा निकाल बहुतेक वेळा '≤०.२५' असाच येतो. नेमका आकडा मिळत नाही. हा आकडा म्हणून ठेवायचा का? आणि पशुवैद्यकीय प्रयोगशाळेला याच चौकटीत कसं बसवायचं?

चार_मिलिमीटर

'≤०.२५' ला ०.२५ लिहू नका. चिन्हासाठी एक रकाना आणि आकड्यासाठी दुसरा. सरासरी एमआयसी काढण्याचा मोह टाळा, वितरण दाखवा.

पण इथे त्याहून गंभीर गोष्ट आहे. कार्बापेनेमेझ शोधण्यासाठी युकास्टने दिलेली मेरोपेनेमची चाळणी-मर्यादा ०.१२५ च्या वर अशी आहे. यंत्राची मोजपट्टी ०.२५ पासूनच सुरू होत असेल, तर ओएक्सए-४८ असलेले काही आयसोलेट '≤०.२५' या गठ्ठ्यात लपून राहतील. हे एन्झाइम मेरोपेनेमला सावकाश तोडतं, त्यामुळे एमआयसी खूप खाली राहू शकतो. उपचारासाठी मर्यादा एक आणि शोधासाठी वेगळी, हे गटातल्या सगळ्यांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट असायला हवं.

उपाय असा करा: गटात येणाऱ्या प्रत्येक आयसोलेटला १० मायक्रोग्रॅम मेरोपेनेमची डिस्क लावा, यंत्र काहीही म्हणो. झोन २८ मिलिमीटरपेक्षा कमी आला तर एमसीआयएम चाचणी (जिवाणू डिस्कमधलं मेरोपेनेम निकामी करतो का ते बघणारी). ती सहाही ठिकाणी होऊ शकते. २ मिली ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये १ मायक्रोलिटरच्या लूपने ताज्या कल्चरचा एक लूप, त्यात मेरोपेनेमची डिस्क, ३५ अंशांवर ४ तास, १५ मिनिटं इकडेतिकडे. मग डिस्क काढून ई. कोलाय २५९२२ पसरलेल्या म्युलर-हिंटन प्लेटवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी झोन ६ ते १५ मिलिमीटर, किंवा १६ ते १८ च्या झोनमध्ये टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती, म्हणजे पॉझिटिव्ह. १९ आणि वर निगेटिव्ह. सोबत ईडीटीए (धातू बांधून ठेवणारं रसायन) घातलेली दुसरी नळी लावली, म्हणजे २ मिलीमध्ये ०.५ मोलरचं २० मायक्रोलिटर, आणि त्या नळीचा झोन ५ मिलिमीटरने किंवा जास्त वाढला तर मेटॅलो-एन्झाइम (धातूवर चालणारं, एनडीएमसारखं).

नेहमी होणाऱ्या चुका दोन. ब्रॉथमधून काढलेली डिस्क लूपच्या कडेवर दाबून जादा द्रव निथळवला जात नाही, मग प्लेटवर ओघळ पसरतो. आणि १० मायक्रोलिटरचा लूप वापरला जातो. तो स्यूडोमोनाससाठी आहे, क्लेब्सिएलासाठी नाही. पॉझिटिव्ह नियंत्रण क्लेब्सिएला एटीसीसी बीएए-१७०५, निगेटिव्ह बीएए-१७०६, दर फेरीला.

एवढा आग्रह का, याला इतिहासातलं चांगलं उदाहरण आहे. १९९६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या पल्सनेट या प्रयोगशाळांच्या जाळ्याने अन्नातून पसरणाऱ्या जिवाणूंच्या डीएनएचे जेल-नकाशे सगळ्या प्रयोगशाळांकडून गोळा केले. ते एकमेकांशी जुळवता आले, कारण पद्धत एकच होती, नकाशा पाठवण्याआधी माणसाला प्रमाणपत्र मिळवावं लागे, आणि साल्मोनेला ब्रेन्डरप एच९८१२ या एकाच स्ट्रेनचा मापक प्रत्येक जेलवर चालवला जाई. आकडेवारीचा साठा त्या शिस्तीतून उभा राहिला.

वॉर्डराउंड

पशुवैद्यकीय प्रयोगशाळेविषयी: तिचे आकडे रुग्णालयांच्या आकड्यांत मिसळू नका, शेजारी ठेवा. तिथले नमुने बहुतांशी विष्ठेचे किंवा दुधाचे असणार, रक्ताचे क्वचित. मेरोपेनेम घातलेल्या निवडक माध्यमावर शोधलं तर शंभरात एक असलेला प्रतिरोधी जिवाणूही सापडतो. साध्या मॅकॉन्की प्लेटवरून एक वसाहत उचलली तर बहुधा सुटतो. त्यामुळे माध्यम कोणतं वापरलं, हा रकाना तिथे सक्तीचा. जनुकांच्या आणि प्लाझ्मिडांच्या (जिवाणूंत एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे डीएनएचे तुकडे) तुलनेत मात्र ही प्रयोगशाळा पूर्ण भागीदार आहे. तिला नुसती नमुने पुरवणारी मानू नका. आणि पशुपालकांची ओळखही रुग्णांइतकीच जपा. एकदा गोठ्याचं नाव बाहेर फुटलं की पुढचा नमुना कुणी देणार नाही.

उणे_ऐंशी

साठवणीविषयी लिहितो. दोन्ही करा: मूळ नळ्या ज्याच्या त्याच्याकडे, प्रत एका सामायिक ठिकाणी. प्रत्येक आयसोलेटच्या किमान तीन क्रायोव्हायल (गोठवणीच्या नळ्या) हव्यात. एक रोजच्या वापराची, एक न उघडायची, आणि एक दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीजरमध्ये. एकाच फ्रीजरमध्ये तिन्ही ठेवल्या तर कॉम्प्रेसर बंद पडल्यावर तिन्ही एकदम जातात.

ट्रिप्टिक सोय किंवा ब्रेन-हार्ट ब्रॉथमध्ये १५ ते २० टक्के ग्लिसरॉल, आणि प्लेटवरची ताजी, दाट वाढ. पातळ सस्पेन्शन गोठवलं की वर्षभराने काहीच उगवत नाही. उणे ८० अंशांवर ठेवा. उणे २० वर ग्लिसरॉलचं मिश्रण नीट घट्ट होत नाही आणि जिवाणू हळूहळू मरत राहतात. नळी वितळवू नका. वरचा बर्फ खरवडून लूपला लागेल तेवढंच घ्या.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पहिल्याच शुद्ध कल्चरपासून गोठवा. कार्बापेनेमेझची जनुकं बहुधा प्लाझ्मिडवर असतात. औषध नसलेल्या माध्यमावर पुन्हा पुन्हा उपकल्चर केलं की काही जिवाणू प्लाझ्मिड टाकून देतात. मग पाठवणारा प्रतिरोधी म्हणतो, घेणाऱ्याकडे संवेदनशील निघतो, आणि दोघेही एकमेकांच्या कामावर शंका घेतात. गट फुटायला एवढं पुरतं. म्हणून आयसोलेट आल्यावर पहिल्या प्लेटवरच मेरोपेनेमची डिस्क टाका आणि पाठवणाऱ्याच्या झोनशी ताडून बघा. झोनच्या आत विखुरलेल्या वसाहती दिसल्या तर मिश्र कल्चर किंवा प्लाझ्मिड गमावलेली पिल्लावळ, दोन्ही शक्यता तपासा. गोठवल्यावर आठवड्याभरात एक नळी जिवंत करून बघा, तोपर्यंत मूळ प्लेट फेकू नका.

नळीवरचा संकेत निरर्थक असावा: गटाचं अक्षर आणि चालू क्रमांक. त्यात रुग्णालयाचं नाव, वर्ष, वॉर्ड कोंबू नका. लेबल थंडीत आणि अल्कोहोलने न निघणारं घ्या, आणि तोच संकेत झाकणावरही लिहा.

पाठवणी: क्लेब्सिएला आणि सर्वसाधारण ई. कोलायची कल्चर संसर्गजन्य मालाच्या वाहतूक-वर्गांपैकी यूएन ३३७३, म्हणजे कॅटेगरी बी मध्ये जातात. तिहेरी पॅकिंग लागतं. गळती न होणारी आतली नळी, तिच्याभोवती सगळा द्रव शोषेल एवढं शोषक, गळती न होणारं दुसरं भांडं, आणि कडक बाहेरचा खोका. आतल्या दोनपैकी एका भांड्याने ९५ किलोपास्कलचा दाब सोसला पाहिजे, पॅकिंग १.२ मीटरवरून पडून टिकलं पाहिजे, खोक्याची एक बाजू किमान १०० बाय १०० मिलिमीटर आणि हिऱ्याच्या आकाराच्या खुणेची बाजू किमान ५० मिलिमीटर हवी. कमी अंतरासाठी कोरडा बर्फ लागतच नाही. अगार स्लँट किंवा कोळशाचा अ‍ॅमिज स्वॅब पुरतो. कोरडा बर्फ वापरलाच तर तो हवाबंद भांड्यात कधीही नको. वायू साचून भांडं फुटतं.

खबरदारी एकच: व्हेरोटॉक्सिन बनवणाऱ्या ई. कोलायची कल्चर कॅटेगरी ए (अधिक धोकादायक वर्ग) मध्ये मोडतात, यूएन २८१४. क्षय, ब्रुसेला, बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय, यांची कल्चरही तशीच. पशुवैद्यकीय नमुन्यांत पहिल्याशी गाठ पडू शकते, तेव्हा पाठवण्याआधी विषजनुकांची पीसीआर करून घ्या. आणि देशाबाहेर पाठवणं कधी आलंच तर नागोया करार (जैविक संसाधनांच्या वापरातला लाभ वाटून घेण्याविषयीचा) लागू होतो का, हे दोन्ही बाजूंच्या कायद्यांत आधी बघा. तो २०१४ पासून अमलात आहे, पण प्रत्येक देशाने तो वेगळ्या रीतीने राबवला आहे.

तिसरा_रकाना

आकडेवारी आणि नावं, या दोन्हींवर बोलतो, कारण भांडणं तिथेच होतात.

एक्सेल वापरत असाल तर सगळे रकाने आधी 'टेक्स्ट' करा. को-ट्रायमोक्साझोलचा एमआयसी २/३८ असा लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, आणि ते लक्षात येईपर्यंत फाइल सहा जणांकडे पोहोचलेली असते. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच. रिकामा चौकोन, 'चाचणी केली नाही' आणि 'निकाल आला नाही' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना वेगळे संकेत द्या. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि चालणारी उत्तरं सांगणारा कोश एका पानावर करा. सेन्सिटिव्हिटीच्या नोंदींसाठी व्होनेट हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि झोन-एमआयसी मूळ रूपात ठेवतं. ते सहाही ठिकाणी बसवलं तर निम्मं काम तिथेच झालं.

जीनोम वाचणार असाल तर क्लेब्सिएलाचा सुमारे ५.५ मेगाबेसचा जीनोम ५० पट वाचायचा, म्हणजे आयसोलेटमागे २७.५ कोटी बेस. वाचलेल्या तुकड्यांच्या जुळणीचा आकार ११ मेगाबेसच्या आसपास आला तर नळीत दोन जिवाणू होते. जीसीचं (डीएनएतल्या जी आणि सी या बेसचं) प्रमाण क्लेब्सिएलात साधारण ५७ टक्के, ई. कोलायमध्ये ५०.५. ते मधेच कुठेतरी आलं तरी तोच संशय. प्रत्येक फेरीत एक कोरी नळी डीएनए काढण्यापासून शेवटपर्यंत चालवा. क्लेब्सिएला म्हणून आलेल्यांत काही व्हॅरिकोला आणि क्वासिन्यूमोनिए या जवळच्या प्रजाती निघतील, त्यांना वगळायचं की वेगळं मोजायचं हे आधीच ठरवा. आखूड रीड्सवरून (यंत्राने एका सलगतेत वाचलेले डीएनएचे तुकडे) प्लाझ्मिड पूर्ण जुळत नाहीत, कारण आयएस२६ सारखे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे त्या रीड्सपेक्षा लांब असतात. 'दोन रुग्णालयांत एकच प्लाझ्मिड' असं म्हणायचं असेल तर निवडक आयसोलेटचं तरी लांब रीड्सचं वाचन हवंच.

आता करार. दोन पानांचा पुरे, पण पहिला आयसोलेट हलण्याआधी सह्या झालेल्या हव्यात. त्यात हे यावं: आयसोलेट आणि माहिती ज्या प्रयोगशाळेची तिचीच राहते, गट ती ठरलेल्या प्रश्नापुरती वापरतो. नवा प्रश्न कुणाला सुचला तर एका पानाचा प्रस्ताव सगळ्यांना, १४ दिवसांत हरकत नोंदवता येईल. लेखकत्वासाठी आयसीएमजेई या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीच्या चारही अटी पाळायच्या: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि जबाबदारी. पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. ज्याने पहिली अट पुरी केली त्याला मसुदा वाचायलाच न पाठवून बाकीच्या अटींतून बाद करणं हा अन्याय आहे. प्लेटा वाचणाऱ्या तंत्रज्ञांच्या बाबतीत तो सर्रास होतो. त्यांना मसुदा पाठवा, वाचायला वेळ द्या, त्यांच्या भाषेत चर्चा करा. क्रेडिट या योगदान-वर्गीकरणातल्या १४ भूमिकांच्या यादीवर कामाच्या सुरुवातीलाच नावं लिहा आणि दर तिमाहीला सुधारा. उरलेल्यांची नावं गटसदस्य म्हणून यादीत द्या. पबमेड या शोधनिबंधांच्या सूचीत ती सहयोगी म्हणून शोधता येतात.

माहिती खुली करायची वेळही लिहून ठेवा. जीनोम सार्वजनिक भांडारात केव्हा जाईल, सोबत कोणते रकाने जातील. २००८ मध्ये सुरू झालेल्या जीसेड या माहितीभांडाराने इन्फ्लुएंझाचे जनुकक्रम देणाऱ्यांचा उल्लेख करणं वापरणाऱ्यांना बंधनकारक केलं. श्रेय मिळेल याची हमी होती, म्हणून माहिती देताना हात आखडला नाही. तुमच्या करारातही ती हमी शब्दांत हवी.

एक कलम मात्र सगळ्यांच्या वर ठेवा. दोन रुग्णांचे आयसोलेट एकसारखे निघाले, साथीचा संशय आला, तर त्या रुग्णालयाच्या संसर्ग-नियंत्रण विभागाला त्याच दिवशी कळवायचं. शोधनिबंधासाठी ते अडवून ठेवणं कुठल्याही करारात बसता कामा नये.

रक्तअगार

सगळ्यांचं म्हणणं छापून सहाही ठिकाणी पाठवतो आहे. शेवटचं विचारतो: एका क्षयरोग प्रयोगशाळेलाही यायचं आहे, आणि बैठका किती वेळा घ्याव्यात यावर एकमत नाही.

उणे_ऐंशी

क्षयाची कल्चर हलवूच नका. कॅटेगरी ए ची पाठवणी, बीएसएल-३ (उच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा) आणि सहा-सहा आठवडे चालणारी वाढ, हे सगळं तुमच्या पहिल्या प्रश्नाला नको. त्यांना जीनोमच्या विश्लेषणात सहभागी करून घ्या. डीएनए काढून, तो जिवाणूमुक्त झाल्याची खात्री कल्चरने करून, मग डीएनएच पाठवू द्या. खात्रीशिवाय 'उकळलं आहे' एवढ्यावर विसंबू नका.

वॉर्डराउंड

बैठक महिन्यातून एकदा, तासभर, ठरल्या वारी. पहिली पंधरा मिनिटं सहाही ठिकाणच्या ई. कोलाय २५९२२ च्या झोनचे आलेख पडद्यावर, आणि ते दाखवणार प्लेट वाचणारी व्यक्ती, विभागप्रमुख नव्हे. सलग सात दिवसांचे झोन सरासरीच्या एकाच बाजूला पडले असतील तर मर्यादेत असूनही कारण शोधायचं. मग न जुळलेले दोन-तीन आयसोलेट. उरलेला वेळ एका रुग्णाच्या केसला द्या, कारण वॉर्डातले लोक त्यासाठीच येतात आणि ते आले नाहीत तर ३० दिवसांचा रकाना रिकामा राहतो. इतिवृत्त दहा ओळींचं, प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख. दर सहा महिन्यांनी नवे दहा आयसोलेट, पुन्हा क्रमांकांनिशी, पण पाठवणारी प्रयोगशाळा दरवेळी वेगळी ठेवा.